सेवाग्रामची शाळा आणि ग्रामविद्यापीठाचें स्वप्न

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांत पिंपळगांव रेणुकाई नांवाचें एक गांव आहे. गांवाच्या नांवांतच एक वृक्ष आहे आणि एक देवता आहे. सभोंवार शेतें, उत्तरेकडे अजिंठ्याच्या डोंगरांची रांग आणि मिरचीच्या बाजारामुळें होणारी दूरदूरच्या व्यापाऱ्यांची ये-जा, अशी या गांवाची ओळख आहे. अशा गांवांत वाढलेला मुलगा शाळेचा उंबरठा ओलांडण्यापूर्वींच पुष्कळ कांहीं शिकलेला असतो. मृगाचा पाऊस लांबला म्हणजे पेरणीचा बेत कसा बदलावा लागतो, कोणत्या रानांत पाणी मुरतें आणि कोणत्या रानांतून तें वाहून जातें, विहीर कोणत्या महिन्यांत तळ गांठते, मिरचीवर चुरडा-मुरडा आला म्हणजे घरांतील माणसांचे चेहरे कसे होतात, हें त्याला कोणीं शिकविलेलें नसतें. तें त्याच्या अंगवळणीं पडलेलें असतें. परंतु परीक्षेच्या कागदावर या ज्ञानाला जागा नसते. इयत्ता जसजशा वाढत जातात तसतसा तो गांवापासून दूर जातो. प्रथम भोकरदनला, मग जालन्यास किंवा औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, आणि त्याहिपुढें पुण्या-मुंबईस. पदवी हातीं येते तेव्हां गांवीं परत येणें ही त्याच्या आणि त्याच्या आई-बापांच्या दृष्टीनें नामुष्की ठरलेली असते.

ज्या उच्च शिक्षणाची प्रयोगशाळा गांवाची जमीन असेल, ज्याचा ग्रंथ आजूबाजूची सृष्टि असेल आणि तरीहि ज्याचा दर्जा कोणत्याहि शहरी कॉलेजाहून उणा नसेल, असें शिक्षण शक्य आहे काय? हा प्रश्न आज नव्यानें निघालेला नाहीं. महाराष्ट्राच्या भूमीवर, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामांत, या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं कांहीं माणसांनीं आपलें आयुष्य वेंचलें. त्यांचा प्रयोग पुरा फळास आला नाहीं. तो कां आला नाहीं, हें समजून घेणें हीच त्या इतिहासाची खरी शिकवण आहे.

इंग्रजी अमदानींतील शिक्षणाचा सांचा सर्वांस परिचित आहे. मुंबईचें विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि त्याच्या पदवीची किंमत मुख्यतः कचेरींतील नोकरीवरून ठरूं लागली. या सांच्याबाहेर पडण्याचा यत्न महाराष्ट्रांत लौकरच सुरू झाला. प्रोफेसर विष्णु गोविंद विजापूरकर यांनीं काढलेलें समर्थ विद्यालय १९१० सालीं सरकारनें बंद पाडलें. मराठवाड्याची स्थिति याहून निराळी होती. तो प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें आणि तेथें देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा मोठा उपक्रम झाला; परंतु ती भाषा उर्दू होती, मराठवाड्यांतील शेतकऱ्याच्या घरची भाषा नव्हती. अशा काळांत १९२१ सालीं आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील हिप्परगा या लहानशा गांवीं राष्ट्रीय शाळा उभी राहिली. पुढें स्वामी रामानंद तीर्थ या नांवानें प्रसिद्धीस आलेले व्यंकटेश खेडगीकर या शाळेचे मुख्याध्यापक होते. शिक्षण आणि गांव यांची सांगड घालण्याची ओढ मराठवाड्याला बाहेरून शिकावी लागली नाहीं, एवढें यावरून दिसतें.

तथापि या विचाराला शास्त्रशुद्ध स्वरूप आलें तें वर्ध्यास. १९३७ सालीं अनेक प्रांतांत काँग्रेसचीं मंत्रिमंडळें अधिकारावर आलीं आणि शिक्षणाचें काय करावयाचें, हा प्रश्न चर्चेचा न राहतां कारभाराचा झाला. त्या वर्षीं ऑक्टोबरच्या २२ व २३ तारखांस वर्ध्याला शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरली. महात्मा गांधी अध्यक्षस्थानीं होते. सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण, मातृभाषेचें माध्यम, एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोंवतीं सर्व विषयांची गुंफण आणि त्या व्यवसायाच्या उत्पन्नांतून हळूहळू शिक्षकाचें वेतन निघावें, असे चार ठराव तेथें झाले. तपशील ठरविण्यासाठीं डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी हीं मंडळी तींत होतीं. समितीनें आपलें काम झपाट्यानें उरकलें आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत अहवाल सादर केला.

या अहवालांतील दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली गोष्ट वेळापत्रकाची. शाळेचा दिवस साडेपांच तासांचा धरून त्यांतील तीन तास वीस मिनिटें मूलोद्योगास दिलेलीं होतीं. मातृभाषेला चाळीस मिनिटें. संगीत, चित्रकला व गणित यांना मिळून चाळीस मिनिटें. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान यांना तीस मिनिटें. उरलेला वेळ व्यायाम व मधली सुटी यांचा. पुस्तकी शाळेची संवय असलेल्या पालकांस हें वेळापत्रक पाहून धक्का बसला असल्यास नवल नाहीं. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. समितीनें शिक्षणाचीं तीन केंद्रें मानलीं: हस्तव्यवसाय, भोंवतालची सृष्टि आणि भोंवतालचा समाज. म्हणजे निसर्ग हा या योजनेंत शिकविण्याचा एक विषय नव्हता. ज्याच्याभोंवतीं सर्व विषय उभे राहावयाचे त्या तीन खांबांपैकीं तो एक खांब होता.

आक्षेप तेव्हांच निघाले, आणि ते पोकळ नव्हते. शाळेंत तयार झालेला माल बाजारांत आला तर तो गरीब कारागिराच्या पोटावर पाय देईल, अशी शंका प्रोफेसर के. टी. शहा यांनीं मांडली. स्वतः झाकिर हुसेन यांनाहि शाळा स्वावलंबी करण्याच्या हट्टांतला धोका दिसत होता. पैशाच्या हिशेबापायीं शिक्षणाचा गाभा मागें पडूं शकेल, असा इशारा समितीच्या अहवालांतच दिलेला आहे. योजनेच्या शिल्पकारांनींच योजनेच्या दुखण्याचें निदान आरंभीं करून ठेवलें होतें.

१९३८ सालीं हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. झाकिर हुसेन त्याचे अध्यक्ष आणि आर्यनायकम् चिटणीस. कार्यालय सेवाग्रामास, म्हणजे जेथें गांधीजी १९३६ पासून राहत होते त्या पूर्वीच्या शेगांवांत. आर्यनायकम् मूळचे सिंहलद्वीपाचे, आशादेवी काशीच्या. दोघेंहि रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनांत काम करून आलेलीं. पुढें १९४४ सालीं चित्रकार देवीप्रसादहि तेथूनच आले. शांतिनिकेतनाजवळ १९२२ पासून श्रीनिकेतन हें ग्रामसुधारणेचें केंद्र चालत होतें. तेथील वृक्षारोपणाचे व हलकर्षणाचे उत्सव प्रसिद्ध आहेत. बंगालची ही कलादृष्टि आणि वर्ध्याची श्रमनिष्ठा यांचा सेवाग्रामांत संगम झाला. सेवाग्राम म्हणजे केवळ चरखा, असा समज करून घेणाऱ्यांनीं ही गोष्ट लक्षांत घ्यावयास हवी.

हें शिक्षण प्रत्यक्षांत कसें चाले, हें कापसाच्या एका उदाहरणावरून दिसेल. वर्धा हा कापसाचा मुलूख. मुलानें सरकी पेरावी, झाडाची वाढ पाहावी, बोंड फुटल्यावर कापूस वेंचावा, तो सोलावा, पिंजावा, त्याचे पेळू करावे आणि तकलीवर सूत काढावें. सूत मोजतांना गणित आपोआप पुढें येई. चार फुटांचा एक तार. १६० तारांची एक लटी. चार लटींची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. एका गुंडींत सूत किती फूट झालें? दोन हजार पांचशें साठ. तासाला किती तार निघाले, कालच्यापेक्षां किती अधिक, कापूस किती घटला, मजुरी किती पडली, यांत गुणाकार, भागाकार, सरासरी, त्रैराशिक सारें आलें. कापूस कोणत्या मातींत येतो, या प्रश्नांतून भूगोल निघे. विदर्भाचा कापूस मँचेस्टरला कां गेला, या प्रश्नांतून इतिहास निघे. चांगला शिक्षक असेल तर पेळूपासून साम्राज्यापर्यंत जातां येत असे. चांगला शिक्षक नसेल तर मात्र मूल नुसतें सूत कातीत बसे. या पद्धतीचें सारें यश आणि सारें अपयश शिक्षकावर अवलंबून होतें, आणि तसे शिक्षक शेंकड्यांनीं निर्माण करणें हें अवघड काम होतें.

स्वयंपाकघर ही दुसरी प्रयोगशाळा. मुलांच्या आमसभेंत आरोग्य, सफाई, स्वयंपाक इत्यादि कामांचे मंत्री निवडले जात, आणि त्या मंत्र्यांस आपल्या खात्याचा हिशेब सभेपुढें ठेवावा लागे. समतोल आहारांत काय काय असावें, शेतांत आलेली भाजी किती जणांस पुरेल, उरलेल्या अन्नाचें व शेणामुताचें खत कसें करावें, संडासाचा मैला न नासवितां जमिनीला परत कसा द्यावा, हे तेथें रोजचे प्रश्न होते. शेतकऱ्याच्या घरांत ज्या गोष्टी लाजेनें लपविल्या जात, त्या तेथें शास्त्राच्या कक्षेंत आल्या. भंगीकाम सर्व जातींच्या मुलांनीं आळीपाळीनें करावयाचें, हा तेथील नियम होता. जातीच्या भिंतीला धडका देणारा यापेक्षां साधा पाठ दुसरा कोणता असेल?

याच वर्ध्यांत मगनवाडीस जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योग संघाचें काम पाहत. कुमारप्पा अर्थशास्त्रज्ञ, अमेरिकेंत शिकून आलेले. त्यांनीं तुरुंगांत असतांना शाश्वत अर्थव्यवस्थेवर एक पुस्तक लिहिलें. तें १९४५ सालीं प्रसिद्ध झालें. कोळसा, खनिज तेल यांसारखा सांठा एकदां वापरला कीं संपतो. वन, पाऊस, जनावरांचें व माणसांचें बळ यांचा ओघ मात्र नीट जपला तर अखंड चालतो. जे राष्ट्र सांठ्यावर जगतें तें शेवटीं भांडणावर जगतें, आणि जें ओघावर जगतें त्याला शांति साधूं शकते, असा त्यांच्या विचाराचा मथितार्थ. पर्यावरण हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत रूढ होण्याच्या कितीतरी आधीं हा विचार वर्ध्याच्या एका वाडींत मांडला गेला होता, आणि ज्या समितीनें मुलांसाठीं सृष्टीला शिक्षणाचें केंद्र ठरविलें, त्याच समितीचे हे गृहस्थ सदस्य होते.

१९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळांनीं राजीनामे दिले आणि प्रांतोप्रांतींच्या शाळांचा आधार सुटला. १९४२ च्या चळवळींत संघाचीं माणसें तुरुंगांत गेलीं. परंतु १९४५ च्या जानेवारींत सेवाग्रामास पुन्हां परिषद भरली आणि तेथें नई तालीमचा व्याप वाढविण्यांत आला. आतां ती सात वर्षांची शाळा राहिली नाहीं. पूर्व-बुनियादी, बुनियादी, उत्तर-बुनियादी आणि प्रौढांचें शिक्षण अशी ती जन्मापासून अखेरपर्यंतची शिडी ठरली. उत्तर-बुनियादी शाळेंत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींनीं आपलें अन्न व वस्त्र आपल्या श्रमानें मिळवावें आणि त्याच्याच बरोबर भाषा, विज्ञान, इतिहास व कला शिकाव्या, असा संकल्प होता. या शिडीची पुढची पायरी म्हणजे गांवचें विद्यापीठ. तें कोणी बांधावें, हा प्रश्न उरला.

त्याचें उत्तर एका अनपेक्षित दिशेनें आलें. स्वतंत्र भारताच्या सरकारनें १९४८ च्या अखेरीस डॉ. राधाकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालीं विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला. झाकिर हुसेन त्याचे सदस्य होते, आणि आणखी एक सदस्य होते अमेरिकेचे आर्थर मॉर्गन. मॉर्गन हे व्यवसायानें इंजिनियर. १९१३ सालीं ओहायो राज्यांतील डेटन शहर महापुरांत बुडालें, तेव्हां त्या खोऱ्यांतील पूरनियंत्रणाचें काम त्यांनीं हातीं घेतलें. पुढें टेनेसी खोऱ्याच्या प्रसिद्ध योजनेचे ते पहिले अध्यक्ष झाले. परंतु त्यांचें मुख्य प्रेम शिक्षणावर. ओहायोंतल्याच यलो स्प्रिंग्ज या लहान गांवीं अँटिऑक नांवाचें एक छोटें कॉलेज आहे. १८५३ सालीं होरेस मॅन या थोर शिक्षकाच्या हाताखालीं तें सुरू झालें होतें. १९२० सालीं मॉर्गन तेथें अध्यक्ष झाले, तेव्हां तें मोडकळीस आलेलें होतें. त्यांनीं तेथें असा पाठ घातला कीं, विद्यार्थ्यानें कांहीं महिने कॉलेजांत वाङ्मय, इतिहास, शास्त्र शिकावें आणि कांहीं महिने कारखान्यांत, शेतावर वा कचेरींत पगारी काम करावें. पुन्हां कॉलेज, पुन्हां काम. १९२९ सालीं एका माजी विद्यार्थ्यानें आपल्या दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ कॉलेजाशेजारचें शेंकडों एकरांचें वन कॉलेजला देऊन टाकलें. ग्लेन हेलन या नांवाच्या त्या वनांत विद्यार्थी झाडें, पाखरें, झरे यांचा अभ्यास करूं लागले. लहान कॉलेज, सर्वांगीण विद्या, हाताचें काम आणि दाराशीं वन, हा मेळ अमेरिकेंत एका ठिकाणीं तरी जमलेला होता, आणि तो जमविणारा माणूस आतां हिंदुस्थानांत आला होता.

आयोगाचा अहवाल १९४९ च्या ऑगस्टांत तयार झाला. त्यांतील ग्रामविद्यापीठांवरील प्रकरणावर मॉर्गन यांची छाप स्पष्ट आहे. उत्तर-बुनियादी शाळेच्या पुढें लहान लहान निवासी महाविद्यालयें असावींत, एकेकांत सुमारें तीनशें विद्यार्थी, आणि अशा महाविद्यालयांच्या कड्याच्या मध्यभागीं एक सामायिक विद्यापीठ, सर्व मिळून विद्यार्थी सुमारें अडीच हजार. अभ्यास व प्रत्यक्ष काम यांची जोड सर्वत्र असावी, अशी ती कल्पना होती. तीनशें ही संख्या मुद्दाम ठरविलेली दिसते. जेथें शिक्षक विद्यार्थ्याचें नांव जाणतो आणि विद्यार्थी शेताचा तुकडा जाणतो, तेवढ्याच आकारांत हें शिक्षण जिवंत राहतें.

सरकारनें ही कल्पना अर्धीच स्वीकारली. कालूलाल श्रीमाळी यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९५६ पासून देशांत ग्रामीण संस्था निघाल्या. मराठी मुलुखांत त्यांपैकीं दोन नांवें विशेष: अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुखांच्या शिवाजी शिक्षण संस्थेच्या परिवारांत शिवाजी लोकविद्यापीठ, आणि कोल्हापूर जिल्ह्यांत गारगोटीस मौनी विद्यापीठ. मौनी विद्यापीठाच्या मुळाशीं जे. पी. नाईक यांची दृष्टि होती. कोल्हापूर भागांतील एका खेड्यांत जन्मलेले हे गृहस्थ पुढें १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. ग्रामीण संस्थांत तीन वर्षांची ग्रामसेवेची पदविका मिळे. सरकारनें नोकरीपुरती ती पदवीच्या बरोबरीची मानली. परंतु पुढच्या अभ्यासासाठीं विद्यापीठांचीं दारें तिला सहजासहजीं उघडत नसत. हातांत पदवी नसलेला मुलगा गांवांत शहाणा गणला जात नाहीं आणि शहरांत तर उभाहि केला जात नाहीं. पालकांनीं जें ओळखावयाचें तें ओळखलें. एकेक संस्था हळूहळू नेहमींच्या विद्यापीठाच्या सांच्यांत विरून गेली. सेवाग्रामचा तालीमी संघ १९५९ सालीं सर्व सेवा संघांत विलीन झाला. कोठारी आयोगानें शाळांत कार्यानुभव आणला खरा. पण तीन तास वीस मिनिटांचें केंद्र आठवड्याच्या एखाद-दुसऱ्या तासाएवढें आकसलें.

येथें एका मोठ्या आक्षेपाचा विचार केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. गांव म्हणजे काय, याविषयीं सर्वांचें मत एक नव्हतें. डॉ. आंबेडकरांनीं ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटना समितीपुढें बोलतांना गांवाच्या गोडव्यांवर कठोर टीका केली. ज्या गांवाच्या वेशीबाहेर ज्यांच्या पिढ्या राहिल्या, त्यांनीं त्या गांवालाच विद्यापीठ मानावें, ही अपेक्षा त्यांना न्यायाची कशी वाटावी? बापाचाच धंदा मुलानें शाळेंत शिकावा, यांत जातीची बेडी पुन्हां पायांत पडण्याचें भय होतें. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं औरंगाबादेस महाविद्यालय काढलें. तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय या नांवानें प्रसिद्ध झालें. त्याच्या परिसराला नागसेनवन हें नांव मिळालें. निजामी राजवटींत मराठवाड्यांतील मुलाला पदवीसाठीं बहुधा हैदराबादची वाट धरावी लागे. ती वाट आतां जवळ आली. नागसेनवनांत गांवोगांवींचीं दलित व शेतकऱ्यांचीं मुलें येऊन वकील, प्राध्यापक, लेखक झालीं. १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ निघालें, ज्याला पुढें डॉ. आंबेडकरांचेंच नांव मिळालें. त्या मुलांना १९५० सालीं सुताच्या गुंड्या नको होत्या. त्यांना पदवी हवी होती, आणि त्यांचें म्हणणें खरें होतें.

परंतु यावरून सेवाग्रामचा विचारच चुकीचा होता, असें अनुमान काढणें उतावीळपणाचें होईल. सेवाग्रामला विद्या होती, पण तिच्या हातीं पदवीची किल्ली नव्हती. नेहमींच्या कॉलेजला किल्ली होती, पण त्याच्या विद्येंत गांवच्या जमिनीला जागा नव्हती. मराठवाड्यांतील खेड्याच्या वांट्याला दोहोंपैकीं एकच येत गेलें. आणि आणखी एक कटु सत्य आहे. नई तालीमची स्तुति करणाऱ्या पुष्कळ पुढाऱ्यांनीं व अधिकाऱ्यांनीं आपलीं मुलें मात्र इंग्रजी शाळांत घातलीं. जें औषध वैद्य स्वतःच्या घरांत देत नाहीं, त्यावर रोग्याचा विश्वास बसत नाहीं.

मधल्या काळांत पर्यावरणाच्या शिक्षणानें दुसऱ्या दारानें प्रवेश केला. १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका जनहित याचिकेवर निर्णय देतांना पर्यावरण हा विषय सर्व पातळ्यांवर शिकविण्याचा आदेश दिला. त्याच्या अनुरोधानें विद्यापीठ अनुदान आयोगानें पदवीच्या सर्व शाखांसाठीं सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम आंखला. त्यांत पन्नास व्याख्यानें. त्यांपैकीं बाहेर पडून प्रत्यक्ष पाहण्यासाठीं ठेवलेला वेळ पांच व्याख्यानांएवढा. हा विषय आला, हें चांगलेंच झालें. परंतु १९३७ सालच्या अहवालांत जी सृष्टि शिक्षणाच्या केंद्रस्थानीं होती, ती आतां एका उत्तरपत्रिकेंत मावूं लागली. ज्या मुलानें विहिरीचा तळ डोळ्यांनीं पाहिला आहे, तो भूजलाची व्याख्या पाठ करून गुण मिळवूं लागला.

सेवाग्रामच्या त्याच आवारांत २००५ सालीं आनंद निकेतन नांवाची मराठी शाळा पुन्हां सुरू झाली आहे. तेथें शेती आहे, स्वयंपाक आहे, सूत आहे आणि त्याबरोबर नेहमींचे विषयहि आहेत. ही गोष्ट लहान असली तरी तिचा अर्थ लहान नाहीं. बीं कुजलेलें नव्हतें, एवढें तिनें सिद्ध केलें आहे. मात्र शाळेच्या पुढची पायरी, म्हणजे मॉर्गन व झाकिर हुसेन यांच्या आयोगानें रेखाटलेलें तीनशें विद्यार्थ्यांचें महाविद्यालय, त्या रेखाटनांतल्या रूपानें मराठवाड्याच्या कोरडवाहू पट्ट्यांत उभें राहिलेलें नाहीं.

तें उभें राहिलें तर त्याचा अभ्यासक्रम कसा असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं. पिंपळगांव रेणुकाईच्या आसपासचा मुलूखच त्याचें सूचीपत्र आहे. पायाखालीं लाव्ह्याच्या थरांचा काळा खडक. त्याच्या भेगांतून पाणी कसें उतरतें आणि विहीर कां आटते, हें भूगर्भशास्त्र. शेतांत मिरचीचें पीक. तिचा रोग कोणत्या किडीमुळें पसरतो आणि फवारणीनें त्या किडीबरोबर आणखी काय मरतें, हें जीवशास्त्र. बाजारांत भाव सकाळीं एक व संध्याकाळीं दुसरा कां होतो, हें अर्थशास्त्र. जवळच भोकरदन; हेंच प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भरहुत येथील स्तूपांवर भोगवर्धनच्या दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीं या कोरड्या मुलुखांतील माणसें इतक्या दूरच्या शिल्पाला दान देत होतीं, हें कळल्यावर त्या मुलाला आपलें गांव जगाच्या कडेला पडलेलें वाटणार नाहीं, हा इतिहास. याच जिल्ह्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव आणि घराघरांत घातला जाणारा रेणुकेचा गोंधळ; हें वाङ्मय. यांतली एकहि गोष्ट हलक्या दर्जाची नाहीं, आणि यांतली एकहि गोष्ट शिकण्यासाठीं गांवाला पाठ फिरवावी लागत नाहीं.

मात्र इतिहासानें घातलेल्या तीन अटी अशा कॉलेजानें पाळल्या पाहिजेत. त्याची पदवी इतर कोणत्याहि पदवीच्या तोडीची आणि पुढच्या प्रत्येक अभ्यासाला चालणारी असली पाहिजे. गारगोटी व अमरावतीच्या पिढीनें दिलेली किंमत पुन्हां कोणीं देऊं नये. त्यांतील श्रम कोणत्याहि जातीच्या वांट्याला आलेले नसून सर्वांच्या वांट्याला आलेले असले पाहिजेत, आणि त्या श्रमांचा मोबदला विद्यार्थ्याच्या हातीं पडला पाहिजे. आंबेडकरांच्या आक्षेपाचें उत्तर शब्दांनीं देतां येत नाहीं, तें अशा व्यवस्थेनेंच देतां येतें. आणि तिसरी अट सर्वांत साधी: तें कॉलेज केवळ गरिबांच्या मुलांसाठीं असूं नये. तालुक्याच्या डॉक्टरची, मामलेदाराची आणि व्यापाऱ्याची मुलगीहि तेथेंच शिकावी, त्याच रानांत तिनेंहि चिखल तुडवावा.

गांवाहून शहराकडे जाणारा रस्ता बंद करावा, असें या इतिहासाचें म्हणणें नाहीं. तो रस्ता पुष्कळांच्या मुक्तीचा रस्ता झालेला आहे आणि तो मोकळा राहिलाच पाहिजे. म्हणणें एवढेंच आहे कीं, रस्ता दोन्ही बाजूंनीं चालता असावा. ज्या दिवशीं शिकलेला मुलगा गांवीं परत आला असतां शेजारी त्याला काय चुकलें म्हणून विचारणार नाहींत, काय शिकून आलास म्हणून विचारतील, त्या दिवशीं सेवाग्रामच्या शाळेचा निकाल लागला असें म्हणतां येईल.